सुमनमावशीचा माइक

परवा अमरावतीच्या आमच्या चर्चमध्ये नवे माइक आले. जुने खोक्यात भरताना त्यांच्या स्पंजचा वास नाकात गेला, धुळीचा आणि लवंगेचा, आणि मला सुमनमावशी आठवली. गाण्याआधी तिच्या तोंडात लवंग असायचीच.

तेव्हा मी शाळेत शिकवायची आणि रविवारी हौसेने चर्चचं साउंड सांभाळायची. मावशी गायकवृंदात सगळ्यांत पुढे उभी राहायची. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. बऱ्याच महिन्यांनी, ईस्टरच्या सकाळी, ती पुन्हा गायला आली.

"मावशीचा माइक कमीच ठेवजो बाई," गायकवृंदाचे मास्तर माझ्या कानात म्हणाले. "गाणं बिघडते."

मावशीचं म्हणणं वेगळंच होतं. "पोरी, मी गाऊन राहिली का नाही, हे मले आयकू आलं पायजे."

गाणं सुरू झालं. तिचा आवाज खरखरीत होता, मध्येच तुटत होता. मास्तरांनी मला हाताने खूण केली, कमी कर. मी कमी केलं, पण पेटीचं आणि बाकीच्यांचं. मावशीचं बटण सरळ वर सरकवलं. तिचा श्वाससुद्धा मागच्या भिंतीपर्यंत पोचला. बाकांवर बसलेले लोक आपोआप हळू गाऊ लागले.

तेव्हा मला वाटलं होतं, ही माझ्या बोटांची करामत. आज वाटतं, त्या सकाळी सगळ्यांनीच तिला कान दिला.

बाहेर मावशीने मला गाठलं. "आयकलं वं मी! म्हशीवानी आवाज हाय माहा!" म्हणत ती खदखदून हसली. मग माझा हात धरून म्हणाली, "पुढच्या रविवारी अजून वाढव."