आत्याबाई आणि चेष्टा

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात देवासला आत्याबाईंनी ईशाची शाळा एका शब्दावरून सोडवली. आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. ईशा भावाची मुलगी, तेव्हा तिसरीत. तिला वाचता येत नव्हतं. भ आणि म, ब आणि व तिच्यासमोर जागा बदलत. वर्गाच्या बाई समजुतीने म्हणाल्या, "बच्ची चेष्टा तो बहुत करती है, माताजी." हिंदीत याचा अर्थ, मुलगी प्रयत्न करते. आत्याबाईंनी तो शब्द मराठीत ऐकला आणि टिंगलीचा आरोप समजून ईशाला हाताला धरून घरी आणलं.

भावाने अर्थ सांगितला. "मग त्या बाईने मराठीत बोलायचं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा जन्म देवासचा. हिंदी त्यांना येत होती, मान्य नव्हती. भाजीवाल्याशी मात्र त्या माळवीत भांडत. भांडणाला भाषा लागते असं त्या मानत नसत.

घरच्या शाळेत पहिली पद्धत आवाज चढवण्याची होती. "अक्षरं हलत नाहीत, तुझं लक्ष हलतं."

"म आपोआप पलटून जातो, आत्याबाई. मी नाही पलटवत."

एका सकाळी ईशाने त्यांच्या हातची रांगोळीची चिमूट घेऊन दारात म काढला. तो पलटला नाही. मग रोज दारात एक शब्द काढायचा, बोटाने गिरवायचा आणि वाचायचा, असं सुरू झालं. आत्याबाईंचे नवे जावई पहिल्यांदा जेवायला आले त्या दिवशी उंबऱ्यासमोर 'म्हैस' होती. आत्याबाईंनी ती पुसू दिली नाही. "त्यांनी बाजूने यावं."

भावाने इंदूरहून अशा मुलांना शिकवणाऱ्या एक बाई आणल्या. त्या म्हणाल्या, "बोटाने गिरवणं ही आमचीच पद्धत." दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी रांगोळी बंद केली. शिकलेल्या बाईला पटतं त्यात खोट असणार. ईशा रडली तेव्हा त्यांनी परातीत गव्हाचं पीठ पसरलं. आता पद्धत त्यांची झाली.

वर्ष संपताना शाळेने कळवलं, एक पान वाचून दाखवलं तर चौथीत घेऊ, नाहीतर नाव कमी करू. पान हिंदी होतं. मराठीची मेहनत हिंदीच्या कामी येणार, हे आत्याबाईंना आवडलं नाही. तरी त्या गेल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

ईशा प्रत्येक अक्षर बाकावर बोटाने काढून वाचू लागली. परीक्षा घेणारे सर म्हणाले, "उँगली हटाओ, बेटा." ईशा थांबली.

"उँगली रहेगी, भिया," दारातून आवाज आला. शाळेत त्यांनी बोललेलं हे पहिलं हिंदी वाक्य; 'भिया', म्हणजे भाऊ, तेवढं माळवीतलं.

"माताजी, आप बाहर बैठिए."

"बाहर ही हूँ. आप पढ़ने दो."

ईशाने अडखळत पान संपवलं. तिला चौथीत घेतलं.

पुढच्या माघात आत्याबाई धारला मुलाकडे असताना वारल्या. ईशा आता सहावीत आहे. वाचताना तिला बोट अजून लागतं.