हमीदच्या खाटेवरचे शॉकअप

निरोप आला तेव्हा जवळा बाजार गावातल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात मी एका गेटाच्या कड्या जोडत होतो. फोनवर हमीदच्या बायकोचा, शमीमभाभींचा आवाज अगदी सपाट होता. “भाऊ, ते गेले. तुमी या.” एवढंच. मी डोळ्यांवरची काच काढली आणि तसाच उभा राहिलो... “सुटला बिचारा,” असं त्या दिवशी कितीतरी जण म्हणाले. दर वेळी मला ते खटकलं.

हमीद आणि मी शाळेपासूनचे. स्टँडजवळ त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पार हट्टा गावापासून गाड्या यायच्या. दुकानाचे पत्रे बदलताना तो वरून पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. दुकान सुटलं, हत्यारं विकली गेली. राहिली ती भाड्याच्या घरातली मागची खोली, लोखंडी खाट आणि शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी. गल्ली अरुंद, त्यात पायऱ्या. कुणीतरी आणून दिलेल्या चाकांच्या खुर्चीवर भाभी कपडे वाळत घालायच्या. मी जायचो, चहा घ्यायचो, त्याच्या पाठीकडे बघत बसायचो आणि उठायचो. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

एकदा मी बोलता बोलता म्हणालो, माझ्या गाडीचा पुढचा शॉकअप, चाकाचे धक्के झेलणारा तेलाचा नळा, गळून राहिला. त्यानं मान वळवली.

“आन इकडं.”

“अरे, गाडी इथवर कशी येईल?”

“गाडी येत न्हाई, तर तिचे पाय काढून आन.”

मी आणले. आता हत्यारं हवी होती. तो सांगायचा, मी बनवायचो. शॉकअप खोलताना तळाचा बोल्ट फिरवला की आतला दांडाही त्याच्यासोबत गरगर फिरतो आणि बोल्ट काही सुटत नाही. तो दांडा वरून आवळून धरावा लागतो. त्यासाठी लांब सळईच्या टोकाला मी नट जोडून दिला. तेल अडवणारं नवीन सील ठोकून बसवायला पाण्याच्या पाइपचा तुकडा. नळा पकडायला बाभळीचे दोन ठोकळे, आतून ट्यूबचं रबर लावून खाटेच्या पट्टीला आवळलेले, कारण पायांत धरून काम करणं आता त्याला शक्य नव्हतं. भाभींनी उशाशी उभं राहून सळई दाबून धरली, त्यानं खालून जोर लावला. बोल्ट सुटला तसा तो हसला. काळं तेल चादरीवर सांडलं. भाभी नुसत्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

बाजारातले मेकॅनिक त्याच्याकडे काम पाठवू लागले. आम्हाला वाटलं, हमीद परत मिळाला. त्या भरात आम्ही चौघांनी एका बाजाराच्या दिवशी त्याला खाटेसकट उचलून स्टँडवर नेलं. त्याच्या जागेत मोबाइलचं दुकान झालेलं. ओळखीचे लोक वाकून विचारपूस करत होते, तोही हसून बोलत होता. मग त्यानं माझं मनगट धरलं. “गजू, सगळे वरून बघून राहिले रे. घरी ने.”

पुन्हा तो कधी बाहेर यायला तयार झाला नाही.

“काहून रे?” मी विचारलं.

“खोलीत मी काम करत असतो. बाहेर नुसता पडलेला दिसतो.”

पण खोली तरी कुठं सोसत होती त्याला? एका दुपारी गेलो तर तो एकच शॉकअप जोडत होता, परत खोलत होता. ते गिऱ्हाइकाचं काम नव्हतं. “थांबलो की भिंत दिसती,” म्हणाला. भाभी सळई धरून उभ्याच. वसमतला सख्ख्या भाचीच्या लग्नालाही त्या गेल्या नव्हत्या. मागं सळई कोण धरणार?

पुढे पडून पडून झालेल्या पाठीच्या जखमा चिघळल्या आणि त्यातच तो गेला.

परवा त्या घरी गेलो. भाभींची बहीण त्यांना वसमतला न्यायला आली होती आणि भाभी हलत नाहीत म्हणून कंटाळून परत गेली होती. मागच्या खोलीत खाट तशीच होती, आणि तिच्यावर बसून भाभी कुणाच्या तरी शॉकअपमध्ये सील ठोकत होत्या. मला राहवलं नाही.

“भाभी, ओट्यावर बसा ना. तिथं उजेड हाय, वारा हाय. आता कोण अडवतंय तुमाला?”

त्यांनी पाइपचा तुकडा बाजूला ठेवला, पदरानं हात पुसले.

“बसून बघितलं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “बाहेर हातच चालत न्हाई.”