जुन्या बेलची पट्टी

आमचे हे चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून बसवतात. पण कुणी विचारलं, काय करता, की म्हणतात, "बँडमध्ये गातो." बँड म्हणजे हे, दुसरी गिटार वाजवणारे खांबभाऊजी आणि ड्रम बडवणारे दणकेभाऊजी. यांचा आधीचा अल्बम आला तेव्हा आमची लेक रांगत होती. आता तिला मूल झालं, आणि या तिघांना नवा अल्बम सुचला. सराव अर्थात आमच्याच घरात.

यांची एक जुनी रीत. गिटारी मोबाइलवर जुळवायच्या नाहीत, आमच्या दारावरच्या बेलचा सूर धरायचा. ड्रमला जुळवाजुळव नाही, म्हणून दणकेभाऊजी बाहेर जाऊन बटण दाबतात. मी हातातलं टाकून दार उघडते. "वहिनी, मीच आहे." हे रोजचं.

या खेपेला मात्र काही जमेना. तारा तटातट तुटायच्या आणि खांबभाऊजी कंपनीला शिव्या घालायचे. शेवटच्या गाण्यातली वरची ओळ आली की यांचा आवाज मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा व्हायचा. गुळण्या झाल्या, आलं चघळून झालं. माझ्या आग्रहाखातर देवालाही हात जोडून झाले.

शेवटी खांबभाऊजी म्हणाले, "उद्या रेकॉर्डिंग आहे. तुझं वय झालं रे. ती ओळ आमचा जावई गाईल."

"तुझा जावई?" दणकेभाऊजी म्हणाले. "तो बोलतो तरी का?"

हे हसले नाहीत. गिटार पेटीत ठेवली आणि पेटीची कडी उगाच लावत-काढत बसले. मला बघवेना.

सकाळी मी देवासमोर बसले होते, तेवढ्यात बेल वाजली. पेपरवाला होता. पण बेलचा तो वरच्या पट्टीतला चिवचिवाट ऐकून माझी ट्यूब पेटली. जुनी बेल नेमकी मी डोळे मिटले की बोंबलायची, म्हणून चार महिन्यांपूर्वी मीच ती काढून ही चिमणीच्या आवाजाची बसवून घेतली होती. घरात दार उघडायला उठते मी एकटी. दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार कसं?

"अहो, देवाशपथ, मुद्दाम नाही केलं," म्हणत जुनी बेल कपाटातून काढून यांच्या हातात ठेवली. हे लगेच स्टुलावर चढले.

दुपारी तिघं जमले. दणकेभाऊजींनी बटण दाबलं, मी दार उघडलं. गिटारी बऱ्याच खाली उतरल्या. यांनी ती ओळ घेतली आणि आवाज सरळ, स्वच्छ वर गेला.

"म्हणजे मी म्हातारा नाही झालो?"

"झालात. गळा नाही झाला."

"आता जावयाला काय सांगू?" खांबभाऊजी डोकं खाजवत म्हणाले. "त्यानं नवा शर्ट घेतलाय!"

अल्बमच्या सुरुवातीला यांनी ती बेलच ठेवली आहे. गाणं लागलं की मी अजून दार उघडायला उठते.