बेंजोवाल्या मामांचा आवाज

मामा जाऊन दोन वर्षं झाली होती. एका रविवारी मामींचा फोन आला, "तुज्याकडच्या कॅसेटी घेऊन ये."

मामा नात्यातले नव्हेत. ते हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या आमच्या बेंजो पार्टीचे बेंजोवाले. तुर्भ्याच्या एका कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो. ते तिथल्याच गावातले, मी साताऱ्याकडून आलेला. डबा खाताना माझी बोटं टेबलावर चालायची, त्यावरून त्यांनी ओळखलं की मला ढोलकी येते. "रविवारी हलद हाय, ये," एवढंच म्हणाले. कुणाची आणि कुठे, हे विचारायचं मला घरी गेल्यावर सुचलं. त्यानंतर बावीस वर्षं मी त्यांच्या मागे बसून ढोलकी वाजवली.

हळदीच्या घरी कुत्रं बांधलेलं दिसलं की मामा बेंजोला हात लावत नसत. आधी कुत्रं सोडा, मग वाजवतो. घणसोलीला असं सोडलेलं एक कुत्रं नवऱ्याच्या काकांना चावलं. मामांनी काकांना रिक्षात घातलं, डॉक्टरकडे नेलं, इंजेक्शन होईपर्यंत बाहेर बसून राहिले. परत आले आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. कुत्रं मोकळंच होतं.

गाणं संपलं असं त्यांना वाटलं की ते संपायचं. समोर शंभर माणसं हात वर करून नाचत असली तरी मामा बेंजोवर फडकं टाकून जेवायला जायचे. आमच्या तीन कॅसेटी निघाल्या, त्यातल्या दुसरीची मागची बाजू म्हणूनच अर्धी रिकामी आहे. स्टुडिओवाला म्हणाला, "अजून दोन गाणी लागतील." मामा म्हणाले, "झाली माजी." आणि चप्पल घालून निघाले. त्याने कॅसेट तशीच बाजारात आणली.

तर मी कामोठ्याच्या माझ्या घरून तिन्ही कॅसेटी घेऊन मामींकडे गेलो. मामी वाल सोलत बसल्या होत्या. टेप शेजारच्यांकडून आणून ठेवला होता.

"फोटो लय हायत," त्या म्हणाल्या. "आवाज कुटंच नाय. याच्यात बोलतान का ते?"

मामांनी जन्मात मोबाईल घेतला नाही, आणि पार्टीत गाणारा वेगळा होता. कॅसेटींवर मामांचा फक्त बेंजो आहे, हे मी मामींना सांगितलं.

"लाव तरी."

पहिली कॅसेट पूर्ण ऐकली. दुसरी ऐकली, मागच्या बाजूची खरखरसुद्धा ऐकली, कारण मामी बंद करू देईनात. वाल संपले. तिसऱ्या कॅसेटला मी आशा सोडली होती. चौथ्या गाण्याच्या आधी थोडी खुडबुड झाली आणि मामा अगदी जवळून बोलले, "तुजा हात ढोलकीवर हाय का पिठाच्या परातीत?"

त्यामागोमाग माझा आवाज, बारीक, तरुण: "चुकलं, मामा."

स्टुडिओवाल्याच्या हातून ते कापायचं राहिलं होतं. माझ्याही लक्षात नव्हतं. कॅसेट घरात असून मी ती पंधरा वर्षांत लावली नव्हती. मला एकदम पाणी प्यावंसं वाटलं. मी उठून प्यालो.

"परत लाव," मामी म्हणाल्या.

मी लावलं. सात-आठ वेळा लावलं असेल. मामी मान खाली घालून ऐकत होत्या.

"तुला पन असंच बोलायचे व्हय," शेवटी त्या म्हणाल्या. "मना वाटायचं, घरीच बोलतान." मग म्हणाल्या, "खरंच चुकला व्हतास?"

"नाही. ठेका बरोबर होता."

"मंग चुकलं कशाला बोललास?"

"त्यांना काय सांगणार?"

"हां," मामी म्हणाल्या. त्यांना ते पटलं.

त्यांच्या पुतण्याने तेवढा तुकडा मोबाईलवर घेऊन दिला. दुपारी जेवण झालं की त्या तो लावतात, असं तो सांगत होता. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मी विचारलं, "पूर्ण गाणी पण घालून देऊ का मोबाईलमध्ये?"

"नको," मामी म्हणाल्या. "गानी सगल्यांनी ऐकलीत."