सदतीस सेकंद आणि एक सही

कुसुमताई जगदाळे यांना आम्ही बाई म्हणतो. आधी त्या साताऱ्याला एका तंत्रनिकेतनात शिकवत होत्या. तिथले संबोधन त्यांच्याबरोबर सांगलीजवळ माधवनगरला आले आणि राहिले. या महिन्यात बाई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी हा लेख.

माझी त्यांची पहिली भेट मुलाखतीच्या निमित्ताने झाली. एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात आमची कंपनी आहे. वीजकेंद्रांत आणि कारखान्यांत काय घडले आणि नेमके कधी घडले, याची नोंद ठेवणारी यंत्रे ती बनवते. त्या यंत्रांची माहितीपुस्तके मराठीत लिहायला माणूस हवा होता. मी मराठी घेऊन एम. ए. झालेला. बाईंनी माझी प्रमाणपत्रे न उघडता बाजूला ठेवली.

"पलीकडे गोदाम आहे. तिथल्या भिंतीवर घड्याळ आहे. किती वाजले बघून या."

मी जाऊन आलो. "दहा वाजून चार मिनिटं."

"कधी?"

मी पुन्हा गोदामाकडे वळलो. बाई म्हणाल्या, "तुम्ही निघालात तेव्हा मी माझं घड्याळ पाहिलं. परत आलात तेव्हा पुन्हा पाहिलं. तुमचे दहा-चार या दोन वेळांच्या मध्ये कुठंतरी आहेत. मी बरोबर मध्यावर धरते. पण येताना तुम्ही रेंगाळला असाल तर माझं गणित चुकलं. म्हणून तुम्हाला दहादा पाठवायचं आणि सगळ्यांत झटपट झालेली फेरी खरी मानायची."

"आणि दहाव्यांदा मी गेलोच नाही तर?"

"तर कामावर ठेवीन. पण गेलो नाही, असं सांगायचं."

आम्ही जे करतो ते एवढेच आहे. प्रत्येक यंत्रात दोन घड्याळे असतात. एक संगणकाचे. दुसरे नेटवर्क कार्डावरचे. त्याला उपग्रहाकडून आलेली अचूक वेळ तारेतून मिळते. कार्ड अचूक चालते, संगणक भरकटतो. संगणकाने कार्डाला वेळ विचारायची, विचारायला किती वेळ गेला तो हिशेबात धरायचा, आणि स्वतःला किंचित पुढे-मागे करून घ्यायचे. दर सेकंदाला, वर्षानुवर्षे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरकही बाईंना चालत नाही.

हे काम सांगलीत होणार नाही असे पुष्कळांनी सांगितले. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी तर पत्र्याच्या शेडकडे पाहत बाईंनाच विचारले, "हे सगळं इथं होतं?" बाई म्हणाल्या, "घड्याळाला गाव कळत नाही. उकाडा कळतो." संगणकाचे घड्याळ तापले की चाल बदलते. म्हणून बाई चाचण्या एप्रिलमध्ये, भर दुपारी, त्याच शेडमध्ये घेतात. पंखा बंद ठेवतात. एका सहकाऱ्याने एकदा चोरून पंखा लावला. बाईंनी त्या दिवसाची सगळी मोजमापे फाडली. "ही पंख्याची चाचणी झाली," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून बसल्या. आम्हीही बसलो. शर्ट पिळून वाळत घालावे लागले.

माझे वडील मिरजेला दवाखान्यात होते तेव्हा बाई रोज संध्याकाळी येत. धीर देणे वगैरे त्यांना जमत नाही. त्या खुर्ची ओढून बसत, मला म्हणत, "जा, जेवून या." वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांनी विचारले, "तुम्ही करता काय नक्की?" बाई म्हणाल्या, "घड्याळं लावते." वडील म्हणाले, "मग आमच्या एसटी स्टँडवरचं लावा की. मी नोकरीला लागल्यापासून पावणेतीनच वाजलेत." त्या आजारात वडील हसलेले मी तेवढेच पाहिले.

आता ज्या घटनेमुळे हा लेख लिहायला मी होकार दिला, ती सांगतो. गौरवसमितीने ती थोडक्यात उरकावी असे सुचवले होते. उरकणार नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात आमचे यंत्र बसवलेले होते. तिथे तानाजीराव कोळेकर वीज विभागात ऑपरेटर होते. गाव कवठे महांकाळ, फौजेतून निवृत्त. ऐन गाळपात एका सकाळी लाइनवर बिघाड झाला, वीजनिर्मिती थांबली आणि दिवसभर कारखाना बंद राहिला. आमच्या यंत्रातल्या नोंदी काढल्या गेल्या. तानाजीरावांनी मुख्य स्विचचे बटण दाबले ते अकरा वाजून चार मिनिटे एकोणीस सेकंदांनी. बिघाड झाला तो अकरा वाजून चार मिनिटे सत्तेचाळीस सेकंदांनी. म्हणजे आधी बटण, मग बिघाड. काही कारण नसताना यांनी स्विच पाडला आणि त्यातून सगळे घडले, असा अर्थ काढण्यात आला. चौकशी होईपर्यंत तानाजीरावांना घरी बसवले गेले. चौकशीनंतर नोकरी जाणार हे सगळ्यांनी धरले होते.

ते एसटीने माधवनगरला आले. बाईंसमोर उभेच राहिले.

"आवं बाई, लाल दिवा लागला, तवा मी बटण दाबलं. त्याच्या आधी हात बी लावला न्हाई. पर सायेब म्हणत्यात, मशीन खोटं बोलत न्हाई. मंग मी बोलतो व्हय?"

"दिवा लागल्यावर किती वेळानं दाबलंत?"

"आकडं मोजायची सवय हाय फौजेतली. नऊ झालं."

"नऊच?"

"आठ न्हाई, धा न्हाई."

बाईंनी दोन नोंदींमधले अंतर कागदावर लिहिले. अठ्ठावीस. त्याखाली नऊ लिहिले. बेरीज केली, पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "बसा तानाजीराव. चूक आमची आहे."

कार्डावरचे घड्याळ अणुघड्याळांची वेळ मोजते. आपण रोज वापरतो त्या वेळेच्या ती सदतीस सेकंद पुढे असते. संगणक स्वतःचे घड्याळ लावताना हा फरक वजा करतो. कार्डाच्या नोंदींतून तो वजा करणारी एक वेगळी ओळ आमच्या प्रणालीत होती. आदल्या महिन्यातल्या दुरुस्तीत ती गळली. बटणाची नोंद संगणकाच्या घड्याळाने झाली, बिघाडाची कार्डाच्या. बिघाड सदतीस सेकंद उशिरा झाल्याचे यंत्राने लिहून ठेवले. ज्या बाईंनी आयुष्यभर सेकंदाचे दहा लाखावे भाग वेचले, त्यांच्याच यंत्रात पुरे सदतीस सेकंद निसटले होते. दुरुस्ती दुसऱ्याने केली होती. ती तपासली बाईंनी होती.

अहवालाचा पहिला मसुदा मी केला. "नोंदींच्या वेळेत तफावत आढळून आली," असे मी लिहिले. कंपनीच्या मालकांना ते आवडले. बाईंनी ते खोडून स्वतः लिहिले: चूक आमच्या कंपनीची आहे. तपासणी मी केली होती. ऑपरेटरचा काहीही दोष नाही.

मालक म्हणाले, "बाई, चूक कशाला म्हणता? तफावत राहू द्या."

"तफावत कुणी केली?"

"कुणी करायलाच पाहिजे का?"

"मग तानाजीरावांना घरी का बसवलंय?"

"गिऱ्हाईक हातचं जाईल, बाई."

"जाऊ दे. दुसरं येईल. त्यालाही खरंच सांगू."

बाईंनी सही केली आणि तो अहवाल व तानाजीरावांना घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. तिथले मुख्य अभियंता कागद वाचायलाच तयार नव्हते. स्वतःच्या माणसाला वाचवायला नाही, तर आपलेच यंत्र चुकले म्हणून सांगायला कोणी इतक्या लांब येते, यावर त्यांचा विश्वास बसेना. बाईंनी वाद घातला नाही. एक बटण घेतले, त्याची तार दोन्हीकडे जोडली, संगणकाला आणि कार्डाला. आणि ते बटण अभियंत्यांच्या पुढे ठेवले.

"तुम्ही दाबा."

त्यांनी दाबले. पडद्यावर दोन नोंदी उमटल्या. दोहोंत सदतीस सेकंदांचे अंतर होते.

"साहेब, एकदा दाबलंत की दोनदा?"

तानाजीराव भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "सायेब, आता तुमी बी घरी बसा."

तानाजीराव त्याच आठवड्यात कामावर परतले. पुढच्या हंगामात त्या कारखान्याने आमचे यंत्र काढून दुसऱ्यांचे बसवले. मालक बाईंशी दोन महिने बोलले नाहीत. हा ग्रंथ प्रकाशित होईल तेव्हा ते पहिल्या रांगेत असतील. त्यांनी हे वाचावे अशीच माझी इच्छा आहे. माझा मसुदाही माझ्याकडे आहे. कोणाला हवा असल्यास दाखवीन.

साठीनंतर बाईंना सल्लागार म्हणून ठेवायचे ठरले आहे. खुर्ची तीच, मान तोच, शालही देणार आहेत. फक्त अहवालांवर सही दुसरे कोणी करील. हा बदल कशासाठी, ते आम्हाला कळते. आम्ही सहा जणांनी लेखी कळवले आहे की बाईंच्या सहीशिवाय गेलेल्या कोणत्याही अहवालाचे काम आम्ही करणार नाही. बाईंना हे आम्ही विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी नको म्हटले असते.

तेव्हा बाईंना दीर्घ आयुष्य लाभो. त्यांची दृष्टी चांगली राहो, गुडघे चालत राहोत, हात स्थिर राहो. सोमवारी तीन अहवाल निघायचे आहेत. ते त्यांच्याच टेबलावर ठेवले आहेत.