तुटक्या शिंगाची बाजू

नागझिऱ्याच्या गेटवर आमच्या जिप्सीत चढलेल्या गाईडने परवाना घ्यायला डावा हात पुढे केला. त्या हाताला दोनच बोटं होती. कुठे बघावं तेच मला कळेना.

तळ्याकाठी एक रानगवा उभा होता. त्याचं एक शिंग मुळाशी तुटलेलं होतं. "याचं आता कठीण आहे," मी म्हणालो.

"काऊन?" गाईड हसला. "रानकुत्रे आले का हा तुटकीच बाजू समोर करते, सर. कुत्रे तिकूनच घुसतेत. मंग हा गर्रकन फिरते, अन् चांगलं शिंग त्यायच्या पोटात." उजवी मूठ कपाळाला लावून त्याने बसल्या बसल्या गिरकी घेऊन दाखवली.

परतताना गेटवर आमच्यातला एक पर्यटक वाघ दिसला नाही म्हणून गाईडवर भडकला. तक्रार लिहितो म्हणाला. तक्रार झाली की गाईडच्या फेऱ्या बंद होतात. पण हा गडी वाद घालेना. त्याने तक्रारवही उचलली आणि डाव्या हाताने पुढे केली. "लिवा ना, सर."

पर्यटकाची नजर त्या दोन बोटांवर गेली. त्याचा आवाज उतरला. वही तशीच ठेवून तो उलट गाईडच्या पाठीवर थोपटून गेला.

मग माझा निरोप घ्यायला गाईडने तोच हात पुढे केला. मी गहिवरून दोन्ही हातांनी धरला.

तो खरंच निरोप घेत होता, की मीही त्या कुत्र्यांतलाच एक होतो, हे मला अजून कळलेलं नाही.