कुत्र्यांचा मान

गडहिंग्लजच्या बाजारात मीनाबाई कांबळेच्या शेळ्या जेवढ्या नावाजलेल्या, तेवढीच तिची जीभही. शेळीचे दात बघायला कुणी जास्त वेळ लावला की ती म्हणायची, "पावणं, शेळी न्यायाची हाय का सोयरीक जुळवायची हाय?" नवरा गेल्यावर तिनं डोळे पुसले आणि शेळ्या पाळल्या. त्यांच्या जिवावर लेकीला, निशाला, शिकवलं, घरावर पत्रे घातले. कुणापुढं हात पसरला नाही, हे ती येता-जाता स्वतःच सांगायची.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास ओढ्याकाठच्या उसातली कुत्री रानटी झाली. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकत, त्यांवर पोसलेली ही जनावरं टोळीनं फिरायला लागली. मीनाबाई राहायची तो बौद्धवाडा उसाला लागून, त्यामुळं पहिला घास तिच्या शेळ्यांचा. दोन शेळ्या गेल्या. उरली एक गाभण शेळी आणि एक बोकड. अख्ख्या वाड्यातल्या शेळ्यांना नर तेवढा एकच. तो गेला तर पुढची पिल्लं कुठून येणार? ग्रामपंचायतीत जाऊन ती घसा फोडून आली. "बघू की," एवढंच उत्तर मिळालं.

पुढच्या आठवड्यात कुत्र्यांनी हंबीररावांचं रेडकू फाडलं. मग मात्र प्रश्न गावाचा झाला!

हंबीरराव एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी माईकची सवय काही सुटली नव्हती. त्यांनी लगेच समिती काढली आणि देवळापुढं सभा घेतली. मेलेल्या कोंबड्या पुरा, घरची कुत्री बांधा, मोकाट कुत्री धरून नसबंदीच्या ऑपरेशनला आणा. "गावानं मनावर घेटलं तर काय हुईत न्हाय?" गावानं माना डोलावल्या. माना डोलवायला आपल्याकडं कुणाचीच ना नसते.

कोल्हापुरातून डॉक्टरांची गाडी आली आणि घोडं पेंड खायला लागलं. पहिलं कुत्रं कुठल्या गल्लीचं? यात्रेत मान वरच्या गल्लीचा, म्हणून इथंही त्यांचाच, असं हंबीरराव म्हणाले. खालच्या गल्लीचा आकाराम उसळला. "आमच्या कुत्र्याला मागनं? मग हातबी लावायचा न्हाय!" तासाभरात गावातल्या एकूण एक बेवारस कुत्र्याला मालक मिळाला, नाव मिळालं, कुणाला गळ्यात दोरीही मिळाली. डॉक्टर बिचारे चहावर चहा पीत बसले.

मीनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माजी शेळी खाल्ली तवा हे कुणाचंच नव्हतं. आता आकारामाच्या घरातलं झालं व्हय?" पण नुसत्या ओरडण्यानं बोकड वाचणार नव्हता. आपलं गाव कशानं हलतं हे तिला ठाऊक होतं. ती खालच्या गल्लीत गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "वरच्या गल्लीनं पाच कुत्री दिली म्हणं. तुमी बसा मिशा पिळत!" वरच्या गल्लीत जाऊन तिनं खालच्यांची सात सांगितली.

झालं! संध्याकाळपर्यंत दोन्ही गल्ल्या ईर्ष्येला पेटल्या. हलगी लावून, गुलाल उधळून कुत्री आणली. आकड्यात कमी पडायला नको म्हणून कुणीतरी शेजारच्या गावचंही एक उचलून आणलं. त्याच ईर्ष्येपोटी घरची कुत्री बांधली गेली, मेलेल्या कोंबड्या पुरल्या गेल्या. काही महिन्यांत उसातली टोळी पांगली. मीनाबाईला खूप दिवसांनी निर्धास्त झोप लागली. इतकं बरं वाटलं तिला, की गावाबद्दल चार चांगले शब्दही तिच्या तोंडून निघाले. ऐकणाऱ्यांना वाटलं, बाई आजारी असावी.

एवढं यश मिळाल्यावर सत्कार आलाच. कोल्हापूरहून साहेब येणार म्हटल्यावर मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा आला. आणि तांबडा-पांढरा म्हटल्यावर समिती मीनाबाईच्या दारात आली. दारात आलेल्यांना तिनं रीतीप्रमाणं चहा ठेवला.

"मीनाबाई, ह्यो बोकड दे," हंबीरराव म्हणाले. "पैसं देऊ की. तुज्यापायीच एवढं केलं, गावाचा मान राख."

"आबा, वाड्यात नर ह्यो येकच हाय. दुसरा बघा."

"पावणं उद्या यायचं हायती. आता कुठं हुडकू?"

ती दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत आकारामानं बोकडाचं दावं सोडलं होतं. या एका कामाला मात्र दोन्ही गल्ल्या एक होऊन आल्या होत्या. ती उंबऱ्यात बसली आणि पोटातून रडली. शेळ्या गेल्या तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

सत्काराला तिला हाताला धरून स्टेजवर नेलं. मोहिमेचा लाभ झालेली शेतकरी बाई म्हणून नारळ-टॉवेल दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मंडपामागं रस्सा उकळत होता. तिनं माईक धरला.

"कुत्री आली तवा मी दगूड तरी मारला. तुमी आलासा, तवा मला चुलीवर चा ठेवाय लागला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई चांगलं बोलली, असं साहेबही म्हणाले. मग हंबीररावांनी पंगत बसल्याचं जाहीर केलं.